बेटाची फेरी, व्हॅनची चावी

आपण बेटावर राहतो हे मला वयाच्या दहाव्या वर्षी कळलं आणि त्याच दिवशी माझ्यावर अन्याय झाला. दोन्ही गोष्टी एकाच रविवारच्या आहेत, त्यामुळे एक आठवली की दुसरी आठवतेच.

वडील तेव्हा गोरेगावच्या एका स्टुडिओत प्रॉडक्शनच्या गाडीवर ड्रायव्हर होते. आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो. त्या रविवारी मढच्या एका बंगल्यात शूटिंगचं सामान पोचवायचं होतं आणि परतताना गाडी रिकामी असणार होती. वडिलांनी दादाला बरोबर घेतलं. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मीही चपला घालून दारात उभी होते. वडील म्हणाले, "तुका पुढच्या रविवारी."

संध्याकाळी दादा परत आला तो राजा होऊन. समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता, वाळूत पाय रोवून उभं असलेलं चर्च, समुद्राकडे तोंड केलेला किल्ला, सगळं त्याने पाहिलं होतं. मग म्हणे गाडी बोटीवर चढवली, बोट खाडी ओलांडून पलीकडे गेली, तिथे नारळाच्या बागा, बोंबील वाळवायच्या भिंतीच्या भिंती, आणि शेवटी जमीन संपते तिथे टेकडीवर दीपगृह. "आपण बेटावर राहतो, येडे," तो म्हणाला. "घाटकोपर, अंधेरी, मुलुंड, बोरिवली, सगळं एकच बेट. साष्टी. चारी बाजूंनी पाणी. बाबांनी मला अख्खं फिरवलं." चाळीच्या गॅलरीत त्याने ही गोष्ट पुढचा महिनाभर सांगितली. मी प्रत्येक वेळी ऐकली आणि पुढच्या रविवारची वाट पाहिली. तो रविवार आला नाही.

पुढे मी जे केलं त्यातलं बरंचसं रागाच्या भरात केलं. बाविसाव्या वर्षी गाडी शिकले. जुनी व्हॅन घेऊन मुलुंडला शाळेची मुलं सोडायला लागले. "बाईच्या हातात मुलं कशी द्यायची," म्हणणाऱ्या आयांच्या मुलांना मी पुढे दहावीपर्यंत पोचवलं. आज माझा टुरिस्ट गाड्यांचा धंदा आहे, बोरिवलीला स्वतःचं घर आहे, आणि दहिसरपासून अंधेरीपर्यंतचे टायरवाले मला बघून आधी पाणी पितात. भाव करायला मला आवडतं. दुकानदाराने आकडा सांगितला की पाठ फिरवायची आणि तीन पावलं मोजायची. तिसऱ्या पावलाला हाक येते. आली नाही तर चौथं पाऊल टाकायचं, पण वळायचं नाही. हे मी वडिलांकडूनच शिकले. घाटकोपरच्या मार्केटात ते मला मुद्दाम न्यायचे. तिथे न्यायचे, बेट दाखवायला नाही.

माझ्या गाड्या पर्यटकांना घेऊन गोराईला, उत्तनला कितीदा जाऊन आल्या. मी स्वतः कधी गेले नाही. ती फेरी वडिलांनीच मला घडवायची होती. आपणहून गेले असते तर तक्रारीचा हक्क गेला असता.

आई गेल्यापासून वडील माझ्याकडे असतात. आता एक्क्याऐंशी. माझी ती पहिली व्हॅन मी विकली नव्हती, तिची चावी त्यांच्याकडे असायची. रोज सकाळी ते व्हॅन काढायचे, भाजी आणायचे, एक चक्कर मारून परत यायचे. चावीला त्यांनी लाल दोरा बांधला होता आणि ती बनियनच्या आतल्या खिशात असायची. गेल्या दिवाळीनंतर व्हॅनला तीनदा खरचटलं. पहिल्यांदा म्हणाले रिक्षावाला घुसला. दुसऱ्यांदा म्हणाले कुत्रा आडवा आला. तिसऱ्यांदा आमच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये खांबाला घासली, तेव्हा म्हणाले, "ह्यो खांब आधी हय नव्हतो."

दादा पुण्याला असतो. त्याचा फोन आला. "चावी काढून घे त्यांच्याकडून. उद्या कोणाच्या अंगावर घातली म्हणजे?"

"तू ये आणि काढून घे," मी म्हटलं.

"तू तिथे आहेस ना."

मी तिथे आहे हे खरं. बेट बघायला तो, आणि चावी काढून घ्यायला मी. फोन ठेवताना मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि मला तेच जास्त झोंबलं.

रात्री जेवताना मी विषय काढला. वडिलांनी ताटातला मासा सावकाश निवडला. मग म्हणाले, "माका सगळा दिसता."

"डॉक्टर काय म्हणाले होते मागच्या वेळी? रिपोर्ट कुठाय?"

"हरवलो."

"मग सिद्ध करा. दिसतंय ना?"

वडिलांच्या डोळ्यांत ती जुनी मार्केटातली चमक आली. सौदा होणार म्हटल्यावर माणूस ताठ बसला. शेवटी ठरलं ते असं. मी माझी गाडी चालवायची, त्यांनी बाजूला बसायचं. समोर काय येतंय ते मी बोलायच्या आधी त्यांनी सांगायचं. अख्ख्या फेरीत एकदाही चुकले नाहीत तर चावी त्यांच्याकडे, आणि मी पुन्हा विषय काढायचा नाही. एकदा जरी चुकले तरी चावी माझी.

"फेरी खंयची?" त्यांनी विचारलं.

"बेटाची," मी म्हटलं. "येत्या रविवारी. मला नेणार होतात ना, पुढच्या रविवारी?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पाणी प्यायले आणि उठले.

थंडीचे दिवस होते. सकाळी लवकर निघालो म्हणून लिंक रोड रिकामा मिळाला. मिठचौकीला उजवीकडे वळून मार्वे रोडला लागलो आणि वडिलांनी सुरुवात केली. "पुढे शाळा, हळू घे. आता स्पीडब्रेकर, आणखी एक, लागोपाठ. डावीकडून बस वळतली." खरोखर बस वळली. मार्वेच्या नाक्यावरून मढकडे वळलो आणि मालवणीची गर्दी मागे पडली, तशी दोन्हीकडे झाडं दाट झाली, रस्ता अरुंद झाला, हवा खारट झाली. मला माहीत आहे की आपल्या उपनगरांना लोक नावं ठेवतात. खड्डे, गर्दी, टॉवर, एवढंच त्यांना दिसतं. त्यांनी एकदा हा रस्ता बघावा. घरापासून तासाच्या आत आपण ताडाच्या झाडांखालून चाललेलो असतो, एका वळणावर उजव्या हाताला झाडं अचानक बाजूला होतात आणि समुद्र दिसतो, पांढरट, शांत, एवढा मोठा की बोलता बोलता गप्प व्हावं.

वडील गप्प होत नव्हते. "आता वळण, डावीकडे. विहीर आसा थय. मगे चढ." सगळं तसंच. ते नुसतं समोरचं सांगत नव्हते, तीस वर्षांचा रस्ता अंगात होता त्यांच्या. "हय एका हिरोईनची गाडी बंद पडली होती. मी ढकलली. ती आत बसून पंखा घेत होती." मी हसले. कौतुकही वाटलं, आणि सौदा हातचा जातोय ही धाकधूकही.

अक्साला चहा घ्यायला थांबलो. पार्किंगवाला आला आणि त्याने दिवसभराचे पैसे मागितले. मी म्हटलं, "चहा प्यायला दिवस लागतो का रे?" आवाज चढला. तो म्हणाला, "मॅडम, रेट फिक्स आहे." मी म्हटलं, "फिक्स तुझ्या घरी." पाठ फिरवली, गाडीत बसले, दार लावलं. मनातल्या तिसऱ्या पावलाला काच वाजली. अर्ध्यावर आला.

या भानगडीनंतर चहाच्या टपरीवर मी एकटीच गेले. वडील गाडीतून उतरले नाहीत. मी कप खिडकीतून आत दिला.

"उतरा की. वाळूत पाय तरी टाका."

"ड्रायव्हर गाडी सोडत नाय."

"आज मी ड्रायव्हर आहे."

"सवय आसा गो," ते म्हणाले आणि फुंकर मारून चहा प्यायले.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. ड्रायव्हर गाडी सोडत नाही. लग्नाला गेले तर वडील मांडवाबाहेर गाडीजवळ. देवळात गेलो तर आम्ही आत, ते बाहेर, चप्पल काढून बोनेटपाशी हात जोडून उभे. कंपनीची गाडी, आत लाखाचं सामान, सोडून गेलं आणि काही झालं तर नोकरी जाईल, हे कारण तेव्हा होतं. पुढे कारण संपलं तरी सवय राहिली.

एरंगळला मी मात्र उतरले. चर्च खरोखर वाळूत उभं आहे. दादाने खोटं सांगितलं नव्हतं. पांढऱ्या भिंती, समोर ताडांची रांग, भरतीचं पाणी जवळजवळ अंगणापर्यंत येणारं. एक बाई पायरी झाडत होती. मी तिथे पाच मिनिटं उभी राहिले आणि दहा वर्षांची असताना हे बघितलं असतं तर कसं वाटलं असतं याचा विचार केला. नंतर वाटलं, बरं झालं आता बघितलं. तेव्हा मी पाण्यात पळाले असते, भिंतीकडे बघितलं नसतं. असं मनात येताच मी स्वतःवरच चिडले. इतक्या वर्षांची तक्रार अशी पाच मिनिटांत स्वस्तात सोडायची नसते.

मढला रस्ता संपतो. किल्ल्यात आता कोणाला सोडत नाहीत, बाहेरूनच बघितला. काळे दगड, खाली खडकांवर लाटा. धक्क्यावरून समोर वर्सोवा दिसतं. होड्या, झेंडे, त्यांच्यामागे उंच इमारती. वडिलांनी खिडकीतून हात बाहेर काढून वर्सोव्याकडे दाखवलं. "थय कोळीवाडो. पलीकडे मशीद. उजवीकडे बर्फाची फॅक्टरी." मी बघितलं. फॅक्टरी मला दिसली नाही, पण पूर्वी असेल, म्हणून मी सोडून दिलं. तिथपर्यंत ते एकदाही चुकले नव्हते.

परत मार्वेला आलो. इथून गाड्यांची बोट मनोरीला जाते. खाडी लहान आहे, पलीकडची नारळाची झाडं मोजता येतात. रविवारमुळे रांग होती. एक पांढरी मोठी गाडी रांग मोडून पुढे घुसली तेव्हा मी उतरून त्या माणसाला विचारलं, "काय रे, बोट तुझ्या सासऱ्याची आहे का?" तो मागे गेला. तिकिटाच्या खिडकीतला माणूस हसत होता. मी म्हटलं, "हसतोस काय, रोज असंच होतं का?"

"रोजच, ताई. गाड्या सुरू झाल्यापासून भांडणं सुरू झाली. पूर्वी शांतता होती. माणसं, सायकली, फार तर एखादी बाइक."

मी तिकीट घेतलं आणि गाडीकडे चालायला लागले. अर्ध्या वाटेवर थांबले.

पूर्वी गाड्या जात नव्हत्या. हे मला माहीत होतं! वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना फोनवर हेच सांगत आले होते. मार्वेवरून गाडी जात नाही साहेब, गोराईला जायचं तर भाईंदरवरून फिरून जावं लागेल, किलोमीटर वाढतील. हेच सांगून मी जास्तीचं भाडं लावलेलं आहे. आणि दादाची गोष्ट? "मग गाडी बोटीवर चढवली." ती मी दहाव्या वर्षी ऐकली तशी एका कप्प्यात ठेवली आणि पुन्हा उघडून पाहिली नाही. टायरवाल्याने एक बोल्ट कमी लावला तर मला कळतं. आणि हे चाळीस वर्षं कळलं नाही.

गाडी बोटीवर चढवली. इंजिन बंद केलं. बोट सुटली, पाणी फळीवर आपटायला लागलं. मी वडिलांकडे वळले.

"बाबा, त्या रविवारी दादाला घेऊन गाडी पलीकडे कशी नेलीत?"

ते समोर बघत होते.  एक होडी बाजूने गेली, तिच्यातली जाळी निळी होती.

"नाय नेलंय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"हयच थांबलो. ह्याच किनाऱ्यार. रस्तो संपलो. पोरगो रडाक लागलो, पलीकडे जायचा म्हणून. माणसांची होडी होती, पण गाडी सोडून कसो जातलंय? मगे हयल्या कोळ्यांनी काय काय सांगितलं तां मी तेका सांगितलं. नारळ, बोंबील, दीपगृह. बोटीतून गाडी नेली असा सांग म्हटलंय. तो खूश झालो."

"आणि मी?"

"तुका कशी आणू?" आता ते माझ्याकडे वळले. "तू इचारणारी. गाडी बोटीत कशी चढता, किती वजन, कोण चढवता. दादाक गोष्ट चलली. तुका गोष्ट चलली नसती. तू म्हटलं असतंस, बाबा, दाखवा."

मला राग आला. खूप आला. चाळीस वर्षं ज्या फेरीवर मी राग धरला, ती पुरी झालीच नव्हती. दादालाही मिळाली नव्हती. आणि त्या रागाखाली आणखी काहीतरी हललं, ते मला आवडलं नाही, कारण ते कौतुक होतं. दहा वर्षांच्या मुलीला हा माणूस घाबरला होता. मी काचेवर हात आपटला. "मग सांगायचं ना तेव्हाच!"

"मगे इतक्या वर्षांनी काय सांगणार? तुझो धंदो चांगलो चाललेलो. म्हटलं, ह्याच रागावर चालता तर चालू दे."

बोट धक्क्याला लागली. मी गाडी चढावरून वर घेतली आणि आम्ही दोघं पहिल्यांदाच मनोरीत शिरलो. मीही पहिल्यांदा, तेही पहिल्यांदा.

काय गाव आहे! रस्ता एका गाडीपुरता. दोन्हीकडे बुटकी, उतरत्या कौलांची जुनी घरं, ओट्यावर क्रूस, क्रूसाला शेवंतीची माळ. रविवारची प्रार्थना सुटलेली, बायका लुगड्यांतून, पोरं कडक इस्त्रीच्या शर्टांतून परतत होती. मग भाताची मोकळी शेतं, त्यांच्यामागे ताड, ताडांच्या मागे समुद्राचा आवाज. पलीकडे खाडीच्या बाजूला बोरिवलीचे टॉवर दिसत होते, त्यातल्या एकात मी राहते. माझ्या खिडकीतून रोज हिरवी रेघ दिसते. त्या रेघेच्या आत हे सगळं आहे याची मला कल्पना नव्हती.

पण वडील काही सांगत नव्हते.

"सौदा चालू आहे," मी म्हटलं.

"ह्यो रस्तो माझो नाय. ह्यो सौद्यात धरायचो नाय."

"बरोबर. म्हणूनच धरायचा. आता बघून सांगा."

त्यांनी खिडकी खाली केली आणि मान थोडी तिरकी केली. "बोंबील," ते म्हणाले. खरोखर पुढच्या वळणावर बांबूंच्या उंच मांडवांवर बोंबील लटकत होते, हजारो, उन्हात चांदीसारखे, मधून वारा जाताना हलणारे. भिंतीच्या भिंती. कोळ्यांनी सांगितलेलं खरं होतं. "आता बाजार," ते म्हणाले. बाजार आला. "मागून बाइक." बाइक गेली. मी त्यांच्याकडे चोरून बघत होते. ते समोर बघतच नव्हते. नाकाने आणि कानाने चालले होते. मान तिरकी होती, डोळ्याच्या कोपऱ्यातून रस्त्याची कड तेवढी धरलेली.

गोराई गेली. पॅगोडाचा सोनेरी घुमट झाडांवरून वर आला आणि मागे राहिला. उत्तनकडे जाणारा रस्ता चढउताराचा, एका बाजूला टेकडी, एका बाजूला खोलवर समुद्र. मी वेग थोडा वाढवला. एका उतारावर वडील म्हणाले, "रस्तो मोकळो. जा."

रस्त्याच्या मधोमध डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण चालली होती. लाल लुगडं, हिरवी चोळी. आंधळ्यालाही दिसावी इतकी समोर.

मी ब्रेक दाबला. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. टोपलीतले दोन मासे रस्त्यावर पडले. ती वळली आणि मग तिने मला जे ऐकवलं! माझे डोळे, माझी गाडी, माझं लायसन कोणी दिलं, माझ्या घरी आई-बाप आहेत का, सगळं. एरवी मी उतरून दुप्पट ऐकवलं असतं. रस्त्याच्या मधोमध चालणारी तीच होती. मी काच खाली केली आणि म्हटलं, "चुकलं, मावशी." तिलाच नवल वाटलं. मी उतरले, मासे उचलून टोपलीत घातले. मग म्हटलं, टोपलीतले चार पापलेट दे. तिने भाव सांगितला. मी दिला. घासाघीस केली नाही. ती टोपली सावरत म्हणाली, "सावकाश जा गं बाय, बाजूला म्हातारा माणूस आहे."

गाडीत बसले. वडिलांचे दोन्ही हात मांडीवर होते, मुठी मिटलेल्या.   सौदा मी जिंकले होते. आयुष्यात जिंकल्यावर मी कधी गप्प बसलेली नाही, पण त्या वेळी मी नुसता गिअर टाकला. पार्किंगच्या खांबाजागी मला ती लाल लुगड्यातली बाई दिसत होती, आणि स्टिअरिंगवर मी नाही, वडील होते.

दुपार कलली होती. उत्तनच्या पुढे रस्ता टेकडीला वळसा घालून समुद्रापाशी येतो. तिथे मी गाडी थांबवली. मागे टेकडीवर दीपगृह, समोर उघडा समुद्र, खाली खडक, आणि कठड्याच्या कडेने खाली उतरत जाणारी फरसबंदी वाट. पाण्यावर होड्या परतीला लागलेल्या, एकामागे एक, दोऱ्यात ओवल्यासारख्या. वसईची बाजू धुक्यात निळी. इथे जमीन खरोखर संपते. आम्ही बेटावर राहतो हे मला त्या दिवशी दुसऱ्यांदा कळलं.

"दीपगृह दिसतंय?" मी विचारलं.

"दिसता ना. केवढा उंच," वडील म्हणाले. ते ज्या दिशेला बघत होते तिथे समुद्र होता. दीपगृह त्यांच्या मागे होतं.

मी तेव्हा "चुकलात" म्हणू शकले असते. पण मला मार्वेचा किनारा दिसला. रडणारा दादा, आणि पलीकडे न गेलेला एक ड्रायव्हर, जो न पाहिलेलं दीपगृह मुलाला सांगतोय. तेव्हा त्याने मुलाचं मन राखलं. आता स्वतःचं राखत होता.

"उंच आहे," मी म्हटलं. "समुद्रावर होड्या आहेत. सात-आठ. पहिलीवर भगवा झेंडा आहे. शेवटचीवर दोन पोरं पाय पाण्यात सोडून बसलीत."

ते ऐकत होते. "आणि पाणी?"

"लांब निळं. जवळ मातकट. खडकांपाशी पांढरं."

"मधेच धुका येता," ते म्हणाले. "बाजूचा दिसता. मधला जाता. डॉक्टर म्हणालो, वाढतला. रिपोर्ट हरवलो नाय. गादीखाली आसा." मग बनियनच्या खिशात हात घालून त्यांनी चावी काढली. लाल दोरा बोटाभोवती गुंडाळलेला होता, तो सोडवायला त्यांना वेळ लागला. मी मदत केली नाही. शेवटी त्यांनी चावी माझ्या तळहातावर ठेवली.

"एक अट," ते म्हणाले.

"हरल्यावर अट?"

"बाजूची सीट माझी. दर रविवारी. आणि असाच सांगायचा, काय काय दिसता तां."

मी सवयीने मान फिरवली. एक, दोन. तिसरं पाऊल मनात टाकायच्या आधीच म्हटलं, "बरं. पण दादाला आपण काही सांगायचं नाही. सांगून सांगून त्याला आता खरंच वाटतंय त्याने हे पाहिलंय."

वडील हसले, आवाज न करता, खांदे हलवून. मग त्यांनी दार उघडलं आणि खाली उतरले. मी चकित होऊन बघत राहिले. ते गाडीला वळसा घालून माझ्या खिडकीशी आले.

"तू थांब गाडीजवळ," ते म्हणाले. "मी जरा समुद्र बघून येतंय."

एक हात कठड्याला लावून ते वाटेने उतरायला लागले, मान तिरकी, वाऱ्याने शर्ट फुगलेला. मी बाहेर येऊन बोनेटला टेकून उभी राहिले. एका हातात व्हॅनची चावी होती. गाडी सोडली नाही.

"बाबा," मी ओरडले, "पुढे दोन पायऱ्या आहेत!"

त्यांनी हात वर केला आणि पहिली पायरी पायाने चाचपली.